लोकल, एसटी आणि वडाप: स्वतःच्या गाडीशिवाय सह्याद्री

प्रश्न थोडक्यात असा: "राहायला ठाण्यात आहोत. स्वतःची गाडी नाही. बस भरून नेणाऱ्या ट्रेक कंपन्यांबरोबर जायचं नाही, दोघं-तिघंच निघणार. लोकल आणि एसटीवर सह्याद्रीतले ट्रेक होतात का? आणि नियोजनाला सुरुवात कुठून करायची?"

होतात. मी गाडी बाळगत नाही आणि माझं डोंगरातलं सगळं फिरणं रेल्वे, एसटी आणि जीपच्या भरवशावरच झालेलं आहे. काही ट्रेक तर गाडी नसेल तरच नीट होतात, असं माझं ठाम मत आहे. पायथ्याला गाडी लावली की तिच्यासाठी त्याच वाटेने खाली यावं लागतं. गाडी नसेल तर कोकणातून चढून देशावर उतरता येतं, एका तालुक्यातून निघून दुसऱ्या जिल्ह्यातून घरी येता येतं. सह्याद्रीच्या घाटवाटा मुळात त्यासाठीच पडल्या आहेत. नाणेघाटातून मालाचे तांडे कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला जात आणि तिथला, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आजही वाटेच्या तोंडाशी आहे. आज कल्याणहून मुरबाडमार्गे निघून, टोकावडे आणि वैशाखरे ओलांडल्यावर रस्त्यालगत उतरायचं, नाणेघाट चढायचा, सातवाहनांच्या लेण्यातला राणी नागनिकेचा शिलालेख बघायचा, वर घाटघर गाठायचं आणि तिथून जुन्नरची गाडी पकडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरच्या स्टँडवरून पायी शिवनेरी, आणि मग एसटीने पुणे किंवा आळेफाट्यामार्गे पुन्हा कल्याण. हा कार्यक्रम गाडीवाल्याला जमत नाही.

आता अडचणीची बाजू. ती एकदा नीट समजली की बाकीचं सोपं जातं.

खेड्यात जाणारी एसटी गावकऱ्यांच्या सोयीने धावते. सकाळी ती गावातून तालुक्याला येते, कारण लोकांना कचेरी, बाजार, दवाखाना, कॉलेज गाठायचं असतं. संध्याकाळी ती तालुक्याहून गावाकडे जाते, कारण हीच माणसं घरी परतत असतात. शहरातून जाणाऱ्या ट्रेकरला नेमकं उलटं हवं असतं: सकाळी गावाकडे, संध्याकाळी गावातून बाहेर. म्हणून शनिवारी सकाळी दहाला तालुक्याच्या स्टँडवर पोचून पायथ्याच्या गावाची गाडी विचारली की "सकाळची गेली, आता दुपारी" असं उत्तर येतं. आणि रविवारी संध्याकाळी पाचला गड उतरलो की गावात येणारी गाडी असते, जाणारी नसते.

याला उपाय एकच आहे आणि तो फार चांगला आहे: गावाच्या वेळापत्रकात आपण शिरायचं. तालुक्याहून संध्याकाळी सुटणारी शेवटची गाडी बहुतेक वेळा मुक्कामी असते. ती रात्री गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे ती परत निघते. आपण शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी त्या गाडीने गावात जायचं, कुणाच्या घरी आधी सांगून जेवणाची आणि झोपायची सोय करायची, आणि उजाडताना डोंगराला लागायचं. उन्हाच्या आत माथा गाठला जातो, मुंबईहून पहाटे निघालेल्यांची गर्दी वर यायच्या आधी आपण उतरायला लागलेले असतो आणि दुपारची परतीची गाडी हाताला लागते. शिवाय त्या रात्री ड्रायव्हरशी बोलून घेता येतं, उद्याच्या गाड्यांची खरी स्थिती त्याच्याएवढी कुणालाच ठाऊक नसते.

नियोजन नेहमी शेवटाकडून सुरू करा. आधी परतीची शेवटची खात्रीची गाडी कुठून आणि किती वाजता, ते ठरवा. त्यातून उतरायला लागणारा वेळ वजा करा, वर दीड-दोन तास राखून ठेवा. जी वेळ येते त्या वेळेला माथ्यावरून निघायचं, मग बालेकिल्ला बघायचा राहिला तरी चालेल. खात्रीची गाडी म्हणजे हमरस्त्यावरची किंवा लोकल. पायथ्याच्या गावातून दिवसाला दोनच फेऱ्या असतील तर मी त्यांना खात्रीच्या धरत नाही. तिथून फाट्यापर्यंत चालत यायला किती वेळ लागेल तेही मी हिशेबात घेते. फाटा सहा-सात किलोमीटरवर असेल तर ते अंतर ट्रेकमध्येच मोजायचं.

मुंबई-ठाण्याच्या माणसाला निसर्गानेच एक मोठी सोय दिली आहे. आपली मध्य रेल्वे कल्याणला दोन फाट्यांत विभागते आणि दोन्ही फाटे थेट सह्याद्रीच्या पायाशी जाऊन संपतात. लोकल कसाऱ्यालाच आणि कर्जत-खोपोलीलाच का थांबते, तर त्यापुढे घाट उभा आहे. कसाऱ्यापुढे थळ घाट, कर्जतपुढे बोर घाट. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. बोर घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, थळ घाटातली १८६५ मध्ये. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं रेल्वे आपल्याला डोंगराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडते आहे. घाटाच्या वरच्या अंगाला लोणावळ्याहून पुण्याची लोकल सुरू होते. मधला टप्पा एक्स्प्रेसने ओलांडायचा.

सुरुवात करणाऱ्यांनी पहिले काही ट्रेक स्टेशनवरून उतरून चालत सुटण्यासारखे निवडावेत. एसटीची भानगडच नको. यात मळवली पहिली. ठाण्याहून सकाळच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने लोणावळा, तिथून पुणे लोकलने पुढचंच स्टेशन मळवली. एक्स्प्रेस हायवे ओलांडून भाजे गाव, तिथली लेणी बघून वर गायमुख खिंडीत पोचलं की एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत लोहगड आहे, आणि रेल्वे स्टेशनवरून सरळ चालत जाता येणारा असा किल्ला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पुण्याच्या लोकल दुपारी विरळ असतात, तेवढं बघून ठेवा. जुलै-ऑगस्टच्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते, तेव्हा विसापूरकडे वळा किंवा शनिवारी जा.

दुसरा माझा आवडता, नेरळ ते नेरळ. स्टेशनवरून चालत पेब ऊर्फ विकटगड चढायचा, गडावरून शिडीच्या वाटेने माथेरानच्या छोट्या रेल्वेच्या रुळांपाशी, कड्यावरच्या गणपतीजवळ निघायचं आणि दस्तुरी नाक्यावरून शेअर टॅक्सीने पुन्हा नेरळ. चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी, आणि दोन्ही टोकांना लोकल. असाच एक भिवपुरी रोडचा: गार्बेट पठारावरून माथेरान आणि खाली नेरळ. आसनगावहून माहुली. स्टेशन ते पायथ्याचं माहुली गाव साधारण पाच किलोमीटर आहे, रिक्षा मिळते. सोडणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि परतीची वेळ त्याच्याशीच ठरवा, कारण संध्याकाळी गावातून रिक्षा मिळत नाही. वांगणीहून चंदेरीही चालत होतो, पण त्याचा वरचा भाग घसाऱ्याचा, म्हणजे पायाखालून सरकणाऱ्या सुट्या मातीचा, आणि उघड्या कड्याचा आहे, नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कर्जत ही माझ्या मते गाडी नसलेल्या ट्रेकरची राजधानी आहे. स्टेशनबाहेर टमटम, रिक्षा, आणि जवळच एसटी स्टँड. आंबिवलीहून कोथळीगड, म्हणजेच पेठचा किल्ला: कशेळेमार्गे जांबरुखकडे जाणारी गाडी आंबिवलीला सोडते. खांडसची गाडी धरली की भीमाशंकर. खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. पावसाळ्यात शिडी घाटाच्या नादी लागू नका, त्या शिड्या आणि कातळ ओले असताना धोक्याचे आहेत. गणेश घाट लांब आहे पण सरळ आहे. आणि इथे पुन्हा गाडी नसल्याचा फायदा: भीमाशंकर ज्योतिर्लिंग, त्यामुळे वर थेट एसटी स्टँड आहे आणि पुण्याला जाणाऱ्या गाड्या बारा महिने मिळतात. कर्जतहून चढा, देवदर्शन करा, पुण्यावरून रेल्वेने घरी या. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी जादा गाड्या असतात, पण रांगाही तशाच असतात.

ही गोष्ट सगळीकडे लागू पडते. जिथे मोठं देवस्थान आहे तिथे एसटी चांगली आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला दिवसभर गाड्या आहेत, म्हणून ब्रह्मगिरी आणि वाटेतला अंजनेरी हे दोन्ही सहज होतात. वणीला सप्तशृंगीची सोय आहे. पुरंदरला जायचं तर नारायणपूरच्या दत्तामुळे तिथवर वाहन मिळतं. नकाशावर किल्ल्याच्या दहा किलोमीटरच्या आत नावाजलेलं देऊळ दिसलं की मी आधी त्या देवळाच्या गाड्या बघते.

राजमाचीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लोक तिथे उगाच जीप करून जातात. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरची वाट आहे, जवळजवळ सपाट आणि जंगलातून जाणारी. सकाळी लोणावळा, दुपारपर्यंत उधेवाडी, संध्याकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले, रात्री गावातल्या घरी भाकरी-पिठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंढाणे लेण्यांकडे उतरायचं आणि कोंदिवड्याहून टमटमने कर्जत स्टेशन. दिशा हीच ठेवा. कर्जतहून मुंबईच्या लोकल रात्रीपर्यंत मिळतात, त्यामुळे उतरायला उशीर झाला तरी घरी पोचण्याची चिंता राहत नाही. उलट केलंत तर रविवारी संध्याकाळी लोणावळ्यात सुट्टीवरून परतणाऱ्या गर्दीत एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढावं लागेल.

कसाऱ्याकडची बाजू वेगळ्या स्वभावाची आहे. स्टेशनच्या बाहेर जीप उभ्या असतात, इगतपुरी-घोटी-नाशिकच्या सीटा भरल्या की सुटतात. कळसूबाईला, महाराष्ट्राच्या १६४६ मीटरच्या सर्वोच्च शिखराला जायचं तर घोटीला उतरा. घोटीहून भंडारदरा, राजूर, अकोल्याकडे (विदर्भातलं अकोला नव्हे, नगरकडचं अकोले) जाणाऱ्या एसटी बारीवरूनच जातात आणि बारी हे पायथ्याचं गाव. भंडारदऱ्याच्या गाडीच्या पाटीवर शेंडी असं नाव असू शकतं, ते धरणालगतचंच गाव, गोंधळू नका. रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने जायची पद्धत ट्रेकर लोकांत आहे, पण ती मध्यरात्र उलटल्यावर पोचवते आणि त्या वेळी सीटवर जीप मिळेल असं गृहीत धरू नये. आधी गाडी सांगून ठेवलेली असेल तरच तसं जा, नाहीतर पहाटेच्या पहिल्या लोकलने निघा. शिखरावरचा सूर्योदय हुकेल, पण दुपारी उतरलेल्याला घोटीकडे जाणारं वाहन मिळायला सोपं जातं.

हरिश्चंद्रगडाचं उदाहरण सविस्तर देते, कारण त्यात सगळे प्रकार एकत्र येतात. कल्याणहून माळशेज घाटाने आळेफाटा, नगरकडे जाणारी गाडी पकडायची. कल्याणला ती नेमकी कुठल्या आवारातून सुटते आणि खुबी फाट्याला थांबते का, हे दोन्ही चढण्याआधी विचारायचं. पाटीवर "जलद" असेल तर कंडक्टर नाही म्हणू शकतो. तिकीट पुढच्या थांब्याचं काढायला लागलं तर काढा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, एका टप्प्याने फार फरक पडत नाही. घाट चढून गेल्यावर खुबी फाटा येतो, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने चालत खिरेश्वर. तिथलं नागेश्वराचं देऊळ बघण्यासारखं आहे आणि मुक्कामाला घरं आहेत. सकाळी टोलार खिंडीतून गड, हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची पाण्यातली पिंड, कोकणकडा. उतरताना पाचनईकडे उतरायचं. ती वाट सोपी आणि जवळची. पाचनईहून राजूरला एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून गडावरच्या टपरीवाल्याला विचारून ठेवा, त्यांच्या घरचं कुणीतरी जीप चालवत असतं. राजूरला पोचलात की घोटीकडे वाहनं मिळतात, तिथून कसारा, आणि लोकल. एका शनिवार-रविवारी पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे, माळशेज आणि थळ हे दोन घाट आणि मधला सगळा डोंगर पायाखालून जातो.

पुण्याच्या अंगाला राजगड-तोरणा ही जोडी सार्वजनिक वाहनांसाठीच बनलेली आहे. स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी. मार्गासनीला उतरून साखरमार्गे गुंजवणे. थेट गाडी नसेल तर सातारा रस्त्यावरच्या नसरापूर फाट्याला उतरून तिथून वेल्ह्याकडची वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप, धरायची. मुक्काम गुंजवण्यात, पहाटे चोर दरवाजाने राजगड, संजीवनी माचीवरून धारेने तोरण्याची बुधला माची, आणि बिनी दरवाजाने वेल्ह्यात. एका दिवसात हे करायला पाय तयार हवेत. तोरणा १४०३ मीटरचा आहे आणि मधल्या धारेवर पाणी नाही. पाय तयार नसतील तर नुसता राजगड करून परत या. सिंहगडाला तर स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला, आतकरवाडीला सोडते. पुणेकर तिथे रोज व्यायामाला जातात. जुन्नर, भीमाशंकर, नाशिककडच्या गाड्यांसाठी लक्षात ठेवा की शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलेलं आहे. जुनी माहिती वाचून लोक अजून शिवाजीनगरला जाऊन उभे राहतात.

रायगडला महाडहून पाचाडची गाडी, कर्नाळ्याला पनवेलहून पेणकडची कुठलीही गाडी आणि थेट अभयारण्याच्या फाटकाशी उतरणं, पश्चिम रेल्वेवर सफाळ्याहून तांदुळवाडी, पालघरहून मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत उतरून काळदुर्ग. विरारपुढच्या लोकल विरळ आहेत, एक चुकली की बराच वेळ जातो. बागलाणातला साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, हा मात्र शनिवार-रविवारात एसटीवर बसवू नका. सटाण्यापर्यंत सोपं आहे, पुढे वेळ जातो. त्याला तीन-चार दिवस द्या आणि मुल्हेर जोडून घ्या. अशा लांबच्या फिरण्याला एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास उपयोगी पडतो, चार किंवा सात दिवसांचा निघतो.

आता चौकशी कशी करायची. एसटीच्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, खेड्यांच्या साध्या फेऱ्या त्यात सापडत नाहीत. मोबाइलवरच्या नकाशात तर अजिबात नाहीत. जुन्या लेखांत दिलेल्या वेळांवर भरवसा ठेवू नका. २०२० ची टाळेबंदी आणि २०२१-२२ मधला एसटीचा लांबलेला संप यानंतर कित्येक गावांच्या फेऱ्या बदलल्या. तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीला फोन करा किंवा तिथे पोचल्यावर नियंत्रकाला भेटा. आणि गावात विचारताना "संध्याकाळी गाडी आहे का?" असं विचारू नका. "आहे की" असंच उत्तर येतं, कारण वेळापत्रकात ती आहे. "काल आली होती का? परवा आली होती का?" असं विचारा. काल आणि परवा, दोन्ही दिवस आली असेल तर ती आजही येईल असं धरायला हरकत नाही. हा एक प्रश्न बदलला की तुमची निम्मी धावपळ वाचते.

वार महत्त्वाचा. खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात आणि रविवारी, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या बंद असतात. मुलींसाठी सुरू केलेल्या मानव विकासच्या निळ्या बसचंही तसंच. गावकरी "सकाळी सातची गाडी" म्हणतात तेव्हा ती शाळेची आहे का, विचारा. आषाढीच्या आसपास पंढरपूरसाठी आणि गणपतीत कोकणासाठी आगारातल्या गाड्या काढून नेतात, त्या आठवड्यांत खेड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. नेमका तोच पावसाळी ट्रेकचा हंगाम असतो, म्हणून त्या दिवसांत मी फक्त लोकलवरचे किंवा हमरस्त्यावरचे ट्रेक करते. याउलट आठवडी बाजाराच्या दिवशी त्या भागात जीपच जीप असतात. तालुक्याचा बाजार कुठल्या वारी, हे मी पायथ्याच्या घरी फोन करते तेव्हाच विचारून घेते.

वडाप, काळी-पिवळी, टमटम, मिनीडोर, नाव भागानुसार बदलतं, रीत तीच: भरली की सुटते. घाई असेल तर उरलेल्या सीटांचे पैसे देऊन निघता येतं, तसं स्पष्ट बोलावं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भाडं बसण्याआधी शेजारच्या गावकऱ्याला विचारावं. टपावर बसू नका आणि मागे लटकू नका. शेवटची सीट तीच असेल तर सोडून द्या. अंधार पडल्यावर ही वाहनं जवळजवळ थांबतात, त्यामुळे हिवाळ्यात सहा वाजायच्या आत फाट्यावर असायला हवं.

पावसाळ्याचा विचार स्वतंत्र करा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी चढून बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. हीच आपली कर्जत लोकलची लाइन. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी ट्रेक तर नाहीच, प्रवासही नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथल्या लोकांच्या घरी ट्रेकर चहा-जेवण घेत, मुक्काम करत. अशा वाड्यांत पावसात उतरताना आपण कुणाच्या आधाराने डोंगर फिरतो याचं भान ठेवा, आणि अतिवृष्टीत त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी होऊन जाऊ नका. धबधब्यांच्या जागी पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, तेही निघण्याआधी बघा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवलेल्या असतात, तो बहुधा दुपारचा, म्हणजे सकाळी जाणाऱ्याला आणि संध्याकाळी येणाऱ्याला फारसा त्रास नाही. पण दुपारीच उतरणार असाल तर कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी बघा.

सामान कमी. पाठीवरची सॅक एसटीच्या वरच्या फळीवर मावली पाहिजे आणि जीपमध्ये मांडीवर घेता आली पाहिजे, हे माझं माप. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मोठी सॅक घेऊन कसारा किंवा कर्जत लोकलमध्ये चढू नका. रोज दोन-दोन तास उभ्याने जाणाऱ्यांच्या डब्यात आपण जागा अडवतो, आणि चढायलाही मिळत नाही. गर्दी ओसरल्यावरची किंवा सकाळची गाडी घ्या. परतीसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चपला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चिखलाचे बूट काढून मगच गाडीत बसा, कंडक्टर पुढच्या वेळी ओळखीने थांबवतो. सुट्टे पैसे, टॉर्च, आणि एक जास्तीचं जेवण कायम. फोनला रेंज नसते म्हणून गाड्यांच्या वेळा कागदावर.

एकट्या किंवा दोघीच जाणाऱ्या मुलींसाठी एवढंच सांगते की एसटी हे मला सगळ्यांत निर्धास्त वाहन वाटतं. त्यात गावातल्या बायका असतात, कंडक्टर असतो, आणि "कुणाकडे उतरणार?" या प्रश्नाला एक नाव सांगता आलं की अख्खी गाडी तुमची काळजी घेते. ते नाव आधी मिळवा: ट्रेक केलेल्या ओळखीच्याकडून मुक्कामाच्या घराचा नंबर घ्या आणि दोन दिवस आधी फोन करा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. रिकाम्या जीपमध्ये मात्र शेवटची प्रवासी म्हणून बसू नका, एक गाडी जाऊ द्या.

तुम्ही ठाण्यात आहात, तर पहिला मळवली करा, दुसरा नेरळचा पेब. ते दोन्ही जमले की राजमाची, मुक्कामासह, म्हणजे गावात राहण्याची सवय होईल. त्यानंतर एसटीचा पहिला धडा म्हणून कोथळीगड: कर्जतला उतरा, स्टँडवर आंबिवलीची सकाळची आणि परतीची गाडी विचारा, काल आली होती का तेही विचारा. नाणेघाट-जुन्नर दिवाळीनंतर घ्या, तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि घाटघरच्या पठारावर हवा स्वच्छ असते. फक्त शाळा सुरू झाल्यावर जा, सुट्टीत घाटघरची फेरी असेल असं धरू नका.